पौर्णिमेच्या बांबूचा माच

माझी नोकरी सरपणामुळे टिकली असं मी सांगते, तेव्हा लोकांना ती थट्टा वाटते. वाटू दे. मास्तरणीची नोकरी लागते ट्रेनिंगच्या कागदावर, पण टिकते कशावर, हे ज्या बाईनं श्रावणातल्या पावसात ओली लाकडं फुंकत सकाळची बस गाठली असेल तिलाच विचारावं.

मी मुधोळकडची. लग्न होऊन नार्नूरच्या अलीकडच्या एका गावात आले. तेव्हा आम्ही सगळे आंध्र प्रदेशात होतो. सरकारी कागद तेलुगूत यायचे, तहसिलीत निजामाच्या वेळचे उर्दू शब्द चालायचे, बाजारात हिंदी, आणि घरात आमची मराठी. नवरा दूर कोळशाच्या खाणीकडे कामाला, सुट्टी मिळाली की यायचा. घरात आम्ही तिघंच: सासूबाई, सासरे आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामाजी. आत्याबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला, म्हणजे तण काढायला, जात. मामाजी तहसील कचेरीत चपराशी होते, आणि कचेरीतली भाषा ते रोज संध्याकाळी डब्याबरोबर घरी घेऊन येत.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला पुढच्या गावी मराठी शाळेत तात्पुरती नेमणूक मिळाली. हेडमास्तर स्पष्टवक्ते होते. म्हणाले, "आधीच्या दोन्ही बाई पाऊस लागला की घरी बसल्या. तुम्ही पावसाळाभर नेमानं आलात, तर पुढच्या सालासाठी तुमचंच नाव कळवतो. नाहीतर माझा इलाज नाही." आमच्या गावावरून सकाळी एकच लाल बस जायची. ती गेली की शाळा गेली. म्हणजे सगळं ठरणार होतं ते बस यायच्या आत माझ्या भाकरी भाजून होतात की नाही, यावर.

आणि इथेच सरपण आडवं आलं.

आमच्या घरी सरपण अंगणात, वळचणीखाली रचलेलं असे. उन्हाळ्यात कसलीच अडचण नव्हती. पण आदल्या पावसाळ्यात, नवी नवरी असताना, मी त्या सरपणाची चव घेतली होती. ओलं लाकूड पेटत नाही, नुसतं रुसतं. मी फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायची, नाक गळायचं, पदर काळा व्हायचा. शेजारच्या एका बाईनं मला तशी दारात उभी पाहिली आणि बाजारात कुणाला तरी सांगितलं, की पोरगी रोज सकाळी रडते. ती बातमी मुधोळपर्यंत पोहोचली, आणि एक दिवस माझे वडील धापा टाकत दारात हजर. मामाजींनी त्यांना सरळ चुलीपुढं बसवलं आणि हातात फुंकणी दिली. थोड्या वेळानं वडीलही रडत होते. मग दोघे व्याही पोट धरून हसले.

तर नोकरी करायची असेल, तर सरपण घरात, चुलीजवळ, कोरडं हवं. मी तसं आत्याबाईंना म्हटलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला.

"लाकडं घरात आनशीन, त मी अंगनात झोपीन," त्या म्हणाल्या.

"काऊन पन?"

"इच्चू."

एवढंच. पण त्या एका शब्दामागं काय होतं ते मला माहीत होतं. माझं लग्न व्हायच्या बऱ्याच आधी, चुलीजवळच्या लाकडात हात घातला असताना त्यांना विंचू चावला होता. अख्खा दिवस त्या तळमळल्या, हात खांद्यापर्यंत बधिर झाला. तेव्हापासून लाकडाला घराबाहेर हाकललेलं. रोजच्या स्वयंपाकाच्या काड्यासुद्धा त्या सांडशीनं उचलून आणत. शेतात साप दिसला तर "जाऊ दे बाप्पा, त्याची वाट हाय" म्हणणारी ही बाई, विंचवाचं नाव घेतलं की पाय वर घेऊन बसायची.

आमची हुज्जत दोन-तीन दिवस चालली. मी हटून बसणारी, त्या माझ्याहून. मी म्हणे, नोकरी जाईल. त्या म्हणत, जीव जाईल. शेवटी मामाजींनी जेवता जेवता हात धुतला, टोपी घातली आणि फैसला सुनावला. टोपी घातल्याशिवाय त्यांना फैसला सुनावता येत नसे.

"दोन्ही पार्टीचं ऐकलं," ते म्हणाले. "पावसाळाभर सरपनाचा कब्जा घरात. बंदोबस्त सूनबाईनं करायचा. पन घरात एक बी इच्चू निघाला, त सरपन त्याच दिवशी बेदखल. मंग नोकरीचं सूनबाईनं पुढच्या साली पाहावं. मंजूर?"

"मंजूर," आत्याबाई झटकन म्हणाल्या. त्यांना खात्रीच होती. मीही मंजूर म्हटलं, आणि त्या रात्री मला धड जेवण गेलं नाही.

बंदोबस्त करायचा म्हणजे काय, ते मी माहेरी थोडंफार पाहिलं होतं, थोडं डोकं चालवलं. धावड्याची लाकडं घेतली, पळसाची नाही. पळस नुसता धूर देतो. किडे-विंचू बसतात ते सालीखाली, म्हणून कोयत्यानं सगळी साल सोलून काढली. मग लाकडं कडक उन्हात वाळवली. आत नेण्याआधी प्रत्येक लाकूड दगडावर आपटायचं, म्हणजे आत कुणी बसलेलं असेल तर त्यानं आपलं बिऱ्हाड बाहेरच हलवावं. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, चटकन पेटतात खऱ्या, पण बोंडातल्या अळ्या घेऊन येतात, म्हणून त्यांना घरबंदी. वाळवी जमिनीतून आणि मातीच्या भिंतीतून चढते, तेव्हा लाकूड ना जमिनीला टेकवायचं ना भिंतीला. पण मग ठेवायचं कुठे? लटकवायचं. चुलीच्या वर बांबूचा माच बांधायचा, वाशांना दोरांनी टांगायचा. धूर लागला की लाकूड कोरडंही राहतं आणि किडा फिरकत नाही.

माच करायचं मामाजींनी अंगावर घेतलं. फैसला देणाऱ्यानं पार्टीला मदत करावी का, असं आत्याबाईंनी विचारलं. त्यांनी ते ऐकलंच नाही.

आता इथे एक सांगायला हवं. आम्ही बौद्ध. धम्म घेतला त्या वर्षी मामाजींनी घरातलं जुनं सगळं सोडलं: तिथी, मुहूर्त, अमावास्या, ग्रहण, सगळं. पंचांगाचा उल्लेख झाला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडायची. आणि आमच्या मुलखात जुन्या माणसांचं एक म्हणणं होतं, की बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्याच्या पंधरवड्यात तोडला तर त्याला घुण लागतो, आतून पोखरून पीठ होतं. मामाजींनी बांबू तोडायला दिवस निवडला तो वैशाखातली पौर्णिमा. बुद्धजयंती.

"याच्याहून चांगला दिवस कोनता?" ते म्हणाले. कोयता खांद्यावर, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात जयंतीचा धुवट सदरा.

"उजेडातला बांबू घुनते," आत्याबाई म्हणाल्या.

"ते पंचांग आपन सोडलं."

"आपन सोडलं. घुनानं सोडलं का?"

मामाजी ओळखीच्या माणसाच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बेटातून पाच-सहा हिरवेगार बांबू घेऊन आले. दुपारभर खपून त्यांनी माच बांधला आणि अंबाडीच्या दोरांनी वाशांना टांगला. ठिणगी लागू नये म्हणून चुलीच्या बरोबर वर न बांधता हातभर बाजूला बांधला. अगदी देखणा झाला होता. गल्लीतली माणसं पाहायला आली, आणि मामाजी प्रत्येकाला खालून हात लावून दाखवत, की हलत नाही. मी माचावर कडुलिंबाचा पाला अंथरला, त्यावर सोललेली लाकडं रचली, दाराच्या उंबऱ्याला राखेची रेघ ओढली, आणि पावसाची वाट पाहू लागले.

पाऊस आला तो धो धो आला. पण माझी चूल पहिल्या काडीला पेटू लागली. काय सुख होतं ते! बाहेर पन्हाळी वाहतायत, छपराच्या कवेलूंवर पावसाचा ताशा वाजतोय, आणि आत माझा तवा तापलेला. ज्वारीच्या भाकरी फुगतायत, वैलावर, म्हणजे चुलीच्या जोडतोंडावर, वरणाचा गंज रटरटतोय. बसचा भोंगा वळणावर वाजायचा तेव्हा माझी वेणीसुद्धा घालून झालेली असायची. हेडमास्तर पहिल्यांदा मला चिंब पावसात शाळेच्या दारात पाहून घड्याळाकडं बघू लागले. मुलं मात्र नाराज. पावसात बाई येत नाहीत, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता, आणि मी त्यांची हक्काची सुट्टी खाल्ली होती.

आत्याबाईंनी मात्र पहारा बसवला. रोज सकाळी निंदणाला जाण्याआधी त्या हातात सांडशी घेऊन चुलीच्या खोलीच्या दारात उभ्या राहत आणि माचाची तपासणी करत. दारातूनच, आत पाऊल न टाकता. एकदा घोण सापडली. "हा घ्या तुमचा बंदोबस्त," त्या विजयानं ओरडल्या.

"घोन म्हंजे इच्चू नाही," मी म्हटलं.

"पाय हायेत ना तिले?"

"पाय बकरीलेबी हायेत."

मामाजींनी टोपी न घालताच निकाल दिला की फैसल्यात घोणीचा उल्लेख नाही. पुढं एक पाल झाली, एक बेडूक झाला, एक शेणकिडा झाला. प्रत्येक वेळी आत्याबाई फिर्याद घेऊन जात आणि फेटाळली जाई. मला त्यांचा राग यायचा आणि हसूही यायचं. खरं सांगू, सकाळची ती भांडणं नसती तर मला करमलं नसतं.

मग हळूहळू काहीतरी बदललं. ते आधी माझ्या लक्षात आलं नाही. आमच्याकडं मास्तरणीला तेलुगू बायका पंतुलम्मा म्हणतात. आठवडी बाजारात एक भाजीवाली आत्याबाईंना म्हणाली, "रा, पंतुलम्मा अत्ता," म्हणजे या, मास्तरणीच्या सासूबाई. आणि वांगी जरा जास्तच टाकली. आत्याबाई घरी आल्या त्या कुरकुरत. म्हणे, माझं स्वतःचं नाव नाही का मला. पण पुढच्या बाजाराला त्या नवं लुगडं नेसून गेल्या, आणि आमचं घर बाजाराच्या या टोकाला असून त्या बस थांबते त्या टोकानं फिरून गेल्या. तिथे उभ्या असलेल्या बायकांनी "पंतुलम्मा अत्ता" म्हणून हाक मारली की मागं वळून पाहायच्या, जणू दुसऱ्याच कुणाला हाक मारली असावी. बाहेर असं, आणि घरात सांडशी हातात घेऊन पहारा तसाच चालू.

श्रावणात पीठ पडू लागलं.

आधी वाटलं, छतातली माती. मग वरणाच्या गंजावर बारीक पिवळसर भुकटी दिसली. मग मामाजी चुलीजवळ जेवायला बसले की त्यांच्या टोपीवर. शांत बसलं की वरून कुर्र कुर्र आवाज यायचा, कुणी तरी बारीक दातांनी शेंगदाणे खावेत तसा. आत्याबाईंनी एक दिवस दारातूनच मला सांगून माचाखाली स्वच्छ ताट मांडायला लावलं, आणि संध्याकाळी ते मागवून घेऊन मामाजींच्या पुढं ठेवलं. त्यात चिमूटभर पीठ जमलं होतं.

"बुद्धजयंतीचा परसाद," त्या म्हणाल्या.

"चौकशी चालू आहे," मामाजी म्हणाले आणि वर पाहिलं नाही.

मी काळजीत पडले. माच पडला तर लाकूड जमिनीवर येणार, जमिनीवर आलं की ओल आणि किडा. पण पावसाळ्यात दुसरा बांबू कुठून आणणार, आणि मामाजींना माच सोडायला सांगणार कोण. मी लाकडं थोडी कमी केली, दोर आवळले, आणि दिवस ढकलू लागले. पाऊस ओसरायला फार दिवस राहिले नव्हते. हेडमास्तरांनी माझं नाव कळवायचं मनात घेतलंय असं शाळेत सगळे बोलत होते.

भाद्रपदातली ती सकाळ मला जशीच्या तशी दिसते. बाहेर झड लागलेली. मामाजी मागच्या अंगणात पाणी भरत होते. आत्याबाई खुरपं घेऊन निंदणाला निघालेल्या, दारात पहाऱ्यावर उभ्या. मी तव्यावरची भाकर उलटायला सांडशी उचलली, तेवढ्यात वर काडकन आवाज झाला. मी मागं सरकले, आणि माच एका बाजूनं खचून सगळी लाकडं घरभर पसरली. वरणाचा गंज कलंडला. बांबूचं पीठ हवेत असं उडालं की क्षणभर समोरचं काही दिसेना.

मग दिसलं. लाकडांच्या मधून एक काळा विंचू बाहेर आला, नांगी वर करून, जमिनीवरून सरळ चुलीकडं. सालीशिवायच्या लाकडात कुठून शिरला कोण जाणे. मी तो पाहिला. वर मान केली, तर आत्याबाईही त्यालाच पाहत होत्या. त्यांना दिसला हे मला कळलं, मला दिसला हे त्यांना. मागच्या दारातून घागर भरल्याचा आवाज येत होता. लांब वळणावर बसचा भोंगा वाजला.

पावसाळाभर चिंब होऊन केलेली शाळा त्या नांगीच्या टोकाशी आली होती. त्यांनी नुसती मामाजींना हाक मारायची होती.

आत्याबाईंनी खुरपं खाली ठेवलं. उंबरा ओलांडून आत आल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. माझ्या हातातली सांडशी घेतली. सांडशीची टोकं एकमेकांवर वाजत होती. वाकल्या, विंचवाला नांगीच्या मुळाशी धरलं, हात अंगापासून जितका लांब जाईल तितका लांब धरला आणि समोरच्या दारानं बाहेर गेल्या. कुंपणापलीकडे फेकला. परत आल्या तेव्हा कपाळावर घाम होता, पण आवाज रोजचाच.

"पाहून काय राह्यली? भाकर पालथी कर. जळून राह्यली."

तेवढ्यात मामाजी ओल्या हातांनी धावत आले. "काय पडलं?"

"तुमची पौर्निमा," आत्याबाई म्हणाल्या.

मामाजींनी लाकडं पाहिली, मोडका बांबू उचलला, त्यातून पीठ सांडलं. चेहरा पडला बिचाऱ्यांचा. मग त्यांना फैसला आठवला असावा, कारण त्यांनी जमिनीवर इकडंतिकडं पाहत विचारलं, "इच्चू-बिच्चू निघाला का काही?"

"नाही," आत्याबाई म्हणाल्या, आणि मामाजींकडं न पाहता मला म्हणाल्या, "जाय. तुई बस आली."

मी करपलेली भाकर आणि चटणी फडक्यात बांधली आणि धावले. बस मिळाली. सासू-सुनेच्या पुष्कळ गोष्टी मी ऐकल्या होत्या, पण सासूनं सुनेच्या नोकरीसाठी विंचू हातात धरावा आणि वर खोटं बोलावं, हे मी कुठंच ऐकलं नव्हतं. मला त्या बाईबद्दल इतकं प्रेम दाटून आलं, की कंडक्टरनं तिकीट विचारलं ते मला ऐकूच आलं नाही.

संध्याकाळी परत आले तर चुलीची खोली सारवलेली. आत्याबाई त्या दिवशी निंदणाला गेल्याच नव्हत्या. चार दगड मांडून, त्यावर फळी टाकून, सगळी लाकडं चुलीजवळ नीट रचून ठेवली होती. प्रत्येक लाकूड आपटलेलं दिसत होतं, कारण बाहेरच्या दगडापाशी धुळीचा ढीग होता. मामाजी मोडका माच अंगणात सोडवत बसले होते. मी जवळ गेले तर खाली मान घालूनच म्हणाले, "नवा बांबू आनीन म्हनतो. अमोशाच्या दिवशी. त्या दिवशी मले सुट्टी हाय." मी हसू दाबलं. सुट्टी नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दिवेलागण झाली. आमच्या घरी रोज दिवा लावून बुद्धाच्या तसबिरीपुढं वंदना होई. आम्ही तिघं ओळीनं बसायचो, आणि पंचशील सांगायच्या त्या आत्याबाई. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पाली शब्द त्यांच्या तोंडात इतके स्वच्छ असत की मामाजी त्यांच्या मागून म्हणत. पाच शीलं म्हणजे पाच वचनं, आपण आपल्यालाच दिलेली. जीव घेणार नाही, हे पहिलं. ते त्या दिवशी आत्याबाईंनी जरा ठासूनच म्हटलं. विंचू मारला नव्हता, फेकला होता. मग दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं असतं ते खोटं न बोलण्याचं.

आत्याबाई थांबल्या. दिव्याकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी गळा साफ केला आणि सरळ पाचवं म्हणायला सुरुवात केली.

मामाजींनी डोळे उघडले. "एक राह्यलं," ते हळूच म्हणाले.

"हाव," आत्याबाई म्हणाल्या. "ते उद्या घेईन."

मामाजींनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, चुलीजवळ रचलेल्या लाकडांकडं पाहिलं. मग हात जोडले, डोळे मिटले, आणि त्यांच्या मागून पाचवं शील म्हणू लागले.